सुदामा दारात आणि करवत तापलेली

या, असे पुढं सरकून बसा. ही गोष्ट खांबाला टेकून ऐकायची नाही; मागं बसणाऱ्याला डुलकी येते, आणि डुलकीत नेमका धूर निघायचा प्रसंग निसटतो. सुपारी फोडायची असेल तर आत्ताच फोडून घ्या. चौक गावच्या मोरूभाऊंनी एका तापट करवतीला कसं माणसात आणलं, ते सांगतो. गोष्टीत सरकारी अंमलदार आहे, शेजाऱ्यांचे सल्ले आहेत आणि शेवटाला साक्षात भगवंत आहेत. एका बैठकीत याहून जास्त काय मागाल?

साल असेल शहाऐंशी-सत्त्याऐंशी. मोरूभाऊ खोपोलीच्या एका कारखान्यात भांडार सांभाळायचे. हातोडी, पाना, कानस यांतली कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात, हे ते झोपेत सांगत. त्यातली एकही त्यांनी कधी चालवली नव्हती. त्यांची खरी नोकरी कीर्तन ऐकणं. कर्जतपासून कुंभिवलीपर्यंत कुठंही टाळ वाजले, की मोरूभाऊंची सायकल तिकडं वळायची. कीर्तनाला ते पहिल्या रांगेत बसत, योग्य जागी डोळे पुसत, आणि बुवांना पाणी लागणार हे बुवांच्या आधी ओळखत.

आता मूळ दुखण्याकडं येऊ. आदल्या हनुमान जयंतीला गावच्या मारुतीपुढं धाऊबुवांनी सुदाम्याचं आख्यान लावलं होतं. धाऊबुवा म्हणजे सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, पण आवाज असा की देवळाच्या घंटेनं मान खाली घालावी. काखेत पोह्यांची पुरचुंडी, पायांत काटे रुतलेले, असे सुदामदेव रडतखडत द्वारकेच्या महाद्वारापाशी आले. द्वारपाल वर्दी द्यायला आत गेला. आणि त्याच क्षणी बुवांचा उजवा गुडघा फिरला. बुवा मटकन खाली बसले, चौघांनी उचलून घरी नेले. आरती नाही, प्रसाद नाही, सभा तशीच उठली.

म्हणजे काय झालं, लक्षात आलं का? सुदामा राहिला दारात.

कुणाला ही गोष्ट लहान वाटेल. चौकात ती लहान नव्हती. आषाढात कौलांवर धो धो कोसळायला लागलं, की मोरूभाऊंची बायको मोतीबाई म्हणायची, "अवो, एवढ्या पावसात तो बिचारा भायेर उभा." थंडीत शेकोटीपाशी कुणीतरी सुस्कारा टाकायचं, "त्येच्या अंगावर पंचा बी धड नाय रं." अर्धवट राहिलेलं कीर्तन गावाच्या घशात माशाचा काटा अडकावा तसं अडकलं होतं. आणि बुवांच्यानं दोन मिनिटांवर उभं राहवत नव्हतं. बसून करा म्हटलं तर ते उसळत, "बसून सांगतात त्याला प्रवचन म्हणतात! नारदाच्या गादीवर माणूस उभा राहातो."

चैत्र लागला तशी उत्सवाची सभा भरली. यंदा बाहेरचे बुवा बोलवावेत असा सूर निघाला. बाहेरचे बुवा म्हणजे नवं आख्यान. सुदामा कायमचाच दारात. मोरूभाऊंना ते ऐकवेना. ते ताडकन उठले. "मी बुवांसाठी टेकू करतो. खाली चौथरा, दोन्ही बाजूंना कठडा, पाठीला फळी. उभे ते उभे, आणि टेकलेले ते टेकलेले."

"करनार कोन?" नागूअण्णांनी विचारलं. नागूअण्णा खोपोलीच्या वीजघरातून निवृत्त झालेले, बुवांचे जुने टाळकरी आणि गावचे एकमेव विद्युत्तज्ज्ञ, निदान त्यांच्या मते. "सुतार समदे लग्नाचं पलंग कराया गेल्यात. एक बी गावत नाय."

"मी करणार."

सभेत हशा पिकला. पुढचं सगळं रामायण त्या हशातून उपजलं. कारकुनाला कामात हसा, तो सोसतो. भक्तीत हसलात, तर तो करवत उचलतो.

करवत शेजारी होती. शेजारच्या सफुराभाबींचा मुलगा जलाल मस्कतला फर्निचरच्या कारखान्यात कामाला, महिन्याच्या रजेवर आला होता. त्यानं आणलेल्या सामानात एक अद्भुत वस्तू होती: बिनवायरीची करवत. ताटलीएवढं गोल पातं, मुठीत खोचलेली बॅटरी, भिंतीशी कसलंही नातं नाही. घोडा दाबला की घुंई. मोरूभाऊंनी ती पहिल्यांदा फिरताना पाहिली आणि नकळत हात जोडले. मी त्यांना हसणार नाही. ना दोरी, ना तार, आणि आतून शक्ती; कीर्तनं ऐकत वाढलेल्या माणसानं हात नाही जोडायचे तर काय करायचं?

"न्या की मोरूकाका," जलाल म्हणाला. "बुवांचं काम हाय, मला इचारायचं काय त्यात? फकस्त तिला तापू देऊ नका. तापली की थांबायचं. गरम बॅटरी चार्जरला लावायची नाय. आणि रेटायचं नाय, ती आपल्या चालीनं जाती."

इतकं सांगून तो बहिणीच्या लग्नाच्या कामाला महाडकडं गेला. मोरूभाऊंनी पहिलं वाक्य मन लावून ऐकलं. पुढच्या वाक्यांच्या वेळी ते पात्याकडं बघत होते.

आता आपल्याकडची एक रीत. घरात यंत्र आलं, की त्याला आधी कपडे होतात. रेडिओला झालरीचा झगा, मिक्सरला टोपडं, शिलाई मशीनला चादर. मग हे तर परदेशातून आलेलं आणि परक्याचं. त्याला ओरखडा उठला तर तोंड कुठं लपवायचं? मोतीबाईनं लग्नातल्या हिरव्या मखमलीचा तुकडा काढला, सोनेरी किनार लावली, आणि करवतीला अंगासरशी अंगरखा शिवला. पातं उघडं, मूठ उघडी, बाकी सगळं झाकलेलं. कुणी बघितलं तर म्हणावं देवीची स्वारी निघाली. त्यावर शुभारंभाची पूजा. हळद, कुंकू, अक्षता, अष्टगंध, आणि उत्साहाच्या भरात दोन पळ्या पंचामृत. करवतीनं सगळं निमूटपणे स्वीकारलं.

लाकूड कुंभिवलीहून आलं. देवळाचे जुने सागवानी दरवाजे तिथल्या एका भक्ताच्या माळ्यावर पडून होते. टेंपोतून आणताना नाक्यावर जंगलखात्याच्या जैतू गार्डनं हात आडवा केला.

"माल कुठला?"

"देवाचा."

"देवाचा पास हाय?"

मोरूभाऊंनी दारावरचं कोरलेलं कमळ दाखवलं. जैतूनं कमळावर बोट फिरवलं. "कमळ असलं तरी साग तो सागच. सायेब आल्याबिगर सोडता नाय यायचं." साहेब कर्जतला, कर्जतचे अलिबागला, अलिबागचे मीटिंगला. दरवाजे दोन दिवस नाक्यावर उभे. तिसऱ्या दिवशी मोरूभाऊ हताश होऊन म्हणाले, "आधीच सुदामा दारात उभा होता, आता दारंच जप्त झाली." जैतू एकदम सावरून बसला. "म्हंजे हे त्या टेकूचं लाकूड? आवो, मी सोता होतो त्या कीर्तनाला! वरीसभर बायको इचारती, पुढं काय झालं म्हनून." साहेबांना तो काय बोलला कोण जाणे, पण दुपारपर्यंत टेंपो सुटला. अट एकच: पहिल्या रांगेत दोन जागा. सरकारी काम इतक्या स्वच्छपणे झालेलं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

अंगणात गल्ली जमली. मोरूभाऊंनी दरवाजा दोन बाकांवर आडवा ठेवला, "जय बजरंगबली" म्हटलं, घोडा दाबला. करवत सागात शिरली. भुसा उडाला, टाळ्या पडल्या. मोरूभाऊंना आपण भांडारात फुकट आयुष्य घालवलं असं वाटायला लागलं. वाटून संपायच्या आत मखमलीतून धुराची एक रेघ निघाली, करवतीनं घरघर केली आणि ती गप्प झाली. हात लावावा तर तवा. मोरूभाऊंनी घाईनं बॅटरी काढून तशीच गरमागरम चार्जरला लावली. चार्जरचा दिवा दोनदा मिचकला आणि विझला.

मग सल्ल्यांना ऊत आला. नागूअण्णांनी निदान केलं, "करंट डोक्यात चढलाय. आमच्या वीजघरात एवढाली एवढाली चाकं फिरत्यात, खाली पान्याचा लोंढा हाय म्हनून गार ऱ्हात्यात. हिलाबी पानी पायजे." त्यावर ओलं गोणपाट करवतीभोवती गुंडाळलं. ती कलिंगडासारखी दिसायला लागली, चालू मात्र झाली नाही. कुणी कांद्याचा रस सुचवला. तो मोतीबाईनं, नशीब, करवतीऐवजी नागूअण्णांच्या कपाळाला लावायची तयारी दाखवली. तिसऱ्यानं सांगितलं, बॅटरी गार जागी ठेवा. मोरूभाऊंनी ती हायवेच्या धाब्यावर नेली आणि मालकाच्या पाया पडून फ्रिजमध्ये लस्सीच्या बाटल्यांमागं ठेवली. संध्याकाळी आणायला गेले तर बॅटरी बर्फासारखी गार, अंगावर घाम फुटलेला, आणि धाब्यावरचा एक ट्रकवाला तिला बाटली समजून उघडायच्या खटपटीत.

खोपोलीला पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्याकडंही ते जाऊन आले. त्यानं करवत चारी बाजूंनी फिरवली, अंगरख्याची किनार चाचपली आणि गंभीरपणे विचारलं, "भाऊ, हिचं लग्न कधी हाय?"

परतीच्या एसटीत मोरूभाऊ मांडीवर करवत घेऊन बसले होते. कंडक्टरनं अर्धं तिकीट लागेल का असं विचारलं. माणसाच्या अब्रूला किती भोकं पाडावीत, याला काही सुमार?

घरी आले तर ओट्यावर सफुराभाबी. कोळंबी निवडता निवडता मोतीबाईशी बोलत होत्या. करवत बघितली आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"या बया! हे काय केलंस गं मोती?"

"कवर शिवलं, भाबी. मळाया नको म्हनून."

भाबींनी अंगरख्याची गाठ सोडली. करवतीच्या अंगावर दोन्हीकडं तिरक्या फटींच्या रांगा होत्या, आणि एकूण एक फट हळदीकुंकवानं, पंचामृतानं, भुश्यानं लिंपून गेलेली. "हे बग. हे तिचं कल्लं हायत. कल्लं शिवून टाकल्याव मासा जगंल का गं? आणि या चैतात मखमल! मोरूभाऊ, तुमाला घोंगडी पांघरून बोरघाट चढाया लावला तर?"

मोरूभाऊंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण मला या घरातलं पुढचं फार आवडतं. मोतीबाई रडली नाही, रुसलीही नाही. तिनं दातानं टाका तोडला, अंगरखा उसवला, त्याच मखमलीच्या बोळ्यानं करवतीचं अंग पुसलं. बॅटरी काढून ठेवली, जुन्या दात घासायच्या ब्रशानं एकेक फट खरवडली. मोरूभाऊंनी सायकलचा पंप लावून आतला भुसा बाहेर फुंकला; नागूअण्णांच्या धोतरावर कुंकवाची रांगोळी उठली. पात्यावर सागाचा चीक बसला होता तो रॉकेलनं काढला. दारातले जुने खिळे शोधून उपटले. करवतीला सावलीत टेकवलं, बॅटरी पूर्ण निवाल्यावरच चार्जरला लावली, आणि या खेपेला दिवा लागला तो लागला.

करवत पुन्हा बोलू लागली. आता नीट चालायला हवं होतं की नाही? पण दोष यंत्रातून निघाला तरी माणसात शिल्लक होता. मोरूभाऊंना थांबता येत नव्हतं. एकदा चिरायला घेतलं की शेवटाला पोचल्याशिवाय त्यांना चैन पडेना. उत्सव जवळ आलेला, डोळ्यांपुढं सुदामा. ते दात-ओठ खात करवत रेटायचे, करवत पुन्हा तवा व्हायची. जलाल महाडहून परतला. त्यानं पाहिलं आणि कळवळून म्हणाला, "काका, थांबा म्हटलं हुतं ना!"

"थांबतो रे. पण कधी थांबायचं ते कळत नाही."

"हाताला कळतं की."

"माझ्या हाताला नाही कळत," मोरूभाऊ म्हणाले, आणि बाकावर बसून राहिले. कठड्याचे दांडे, पाठीची फळी, सगळं बाकी. हनुमान जयंती परवावर.

तेवढ्यात धाऊबुवा आले. म्हणजे दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आणले गेले. आपल्यापायी गावात करवत जळते आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं. खाटेवर बसून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "चालव बघू." मोरूभाऊंनी चालवली. बुवांनी गाणं ऐकावं तसं ऐकलं. करवतीचा आवाज जड होऊ लागला तसा त्यांनी हात वर केला.

"हिला ध्रुपद कधी देतोस, मोरू?"

"म्हणजे?"

"अरं, मी दोन दोन तास गायचो ते काय माझ्या छातीच्या जोरावर? चरण मी म्हणायचा, आणि ध्रुपद, ते पालुपद, कुणी?"

"टाळकऱ्यांनी," नागूअण्णा बोलले.

"ते ध्रुपद घोळवायचे तवा मी श्वास घ्यायचा. टाळकरी नसते तर मीबी पयल्या अभंगाला धुरावलो असतो. ही बिचारी एकटीच गातीय. तिला धरणारं कोणी नाही."

जलाल हसायला लागला. मोरूभाऊ हसले नाहीत. आयुष्यभर ज्या गोष्टीच्या पुढ्यात मांडी घालून बसले, ती आज करवतीच्या मुठीतून त्यांच्या हाताला कळली होती. त्यांनी नागूअण्णांना टाळ आणायला सांगितलं.

आणि मग चौकानं पूर्वी न पाहिलेलं सुतारकाम सुरू झालं. खाटेवर बुवा, ओट्यावर टाळकरी, मधे दरवाजा. बुवांनी चरण उचलला की मोरूभाऊंची करवत चालायची. टाळकऱ्यांनी ध्रुपद धरलं की करवत उचलून वाऱ्याला धरायची. जलाल लाकूड दाबून उभा, सफुराभाबी फटीतला भुसा ब्रशानं झटकताहेत, बॅटरी बसली की नागूअण्णा अख्खं भजन लावताहेत, ती निवेपर्यंत आणि भरेपर्यंत. मधेच बुवांना रंग चढला. चरणाच्या शेवटच्या अक्षरावर त्यांनी अशी तान घेतली की संपेचना. मोरूभाऊ आज्ञाधारकपणे कापत राहिले. करवत कण्हायला लागली.

"बुवा, ध्रुपद!" जलाल ओरडला. "ध्रुपद द्या, पेटंल ती!"

बुवा भानावर आले आणि खदखदून हसले. वर्षभरात कुणी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी करवत कोमट झाली, पण तापली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टेकू उभा राहिला. तो डावीकडं किंचित कलला होता. नागूअण्णांनी ते तीनदा बोलून दाखवलं.

हनुमान जयंतीला देऊळ ओसंडत होतं. पहिल्या रांगेत जैतू गार्ड सपत्नीक. बायकांत मोतीबाई आणि सफुराभाबी शेजारी शेजारी. बुवांना टेकूत उभं केलं. त्यांनी दोन्ही कठड्यांवर हात ठेवले, पाठ फळीला लावली, सभेवर नजर फिरवली. पूर्वरंग नाही, निरूपण नाही, सरळ म्हणाले, "मंडळी, सुदामदेव अजून उभे आहेत. आता आत जाऊन वर्दी देऊया."

मोरूभाऊ पहिल्या रांगेत नव्हते. टेकूच्या कललेल्या पायावर डोळे लावून ते बाजूच्या खांबापाशी उभे होते. त्या रात्रीचं कीर्तन त्यांनी कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी सगळा वेळ एक खिळा पाहिला.

द्वारपालानं नाव सांगितलं. भगवंतांच्या हातातला विडा गळून पडला. शेला सावरायचं भान नाही, पायांत काही नाही, रुक्मिणी विचारते आहे कोण आलं, उत्तर नाही. देव धावत सुटले. आणि काय सांगू तुम्हाला, धाऊबुवांनी कठडा सोडला. हात पसरले आणि चौथऱ्यावरून उतरून धावले. एक पाऊल, दुसरं, तिसरं, चौथं. सभा श्वास रोखून उभी राहिली. बुवांनी खांबाशी उभ्या मोरूभाऊंना कडकडून मिठी मारली.

देऊळ दणाणलं. टाळ, मृदंग, जयघोष. जैतू गार्ड हमसून हमसून रडत होता. वर्षभर दारात ताटकळलेला सुदामा देवाच्या मिठीत पोचला, आणि तो अख्ख्या गावानं डोळ्यांनी पाहिला.

फक्त मोरूभाऊंना कानात दुसरंच ऐकू आलं.

"सोडू नको रं मोरू," बुवा पुटपुटले. "गुडघा गेला."

मोरूभाऊंनी सोडलं नाही. बुवांचा सगळा भार छातीवर घेतला, चेहऱ्यावर सुदाम्याचे अश्रू तसेच वाहू दिले, आणि कुणाला कळणार नाही अशा बेतानं पाऊलभर, पाऊलभर मागं नेत टेकूच्या फळीला नेऊन लावलं. फळीनं धरलं. पण बुवांचा हात काही त्यांच्या खांद्यावरून सुटेना. म्हणून उरलेलं आख्यान मोरूभाऊ तिथंच, बुवांच्या बगलेत खांदा देऊन उभे राहिले. पोहे खाऊन झाले, निरोप झाला, सोन्याची नगरी झाली, आरती झाली, तेव्हाच मोकळे झाले. लोक म्हणाले, बघा कसा सुदाम्याच्या भूमिकेत रंगलाय. मोरूभाऊंनी ते नाकारलं नाही. पुढं कधी कुणाला सांगितलंही नाही. मला बुवांनी सांगितलं, शेवटच्या दिवसांत.

धाऊबुवांच्या त्या मिठीची गोष्ट चौकात अजून निघते. त्यांची आठवण काढणारे पुष्कळ आहेत, तुमची भर पडली नाही तरी चालेल. तुम्ही एवढंच करा. कुठं कीर्तन ऐकाल, देव भक्ताला भेटतील, सगळे बुवांकडं बघत असतील. तेव्हा घटकाभर डोळे मिटून खांबाजवळच्या मोरूभाऊंची आठवण काढा.